शिक्का खरा, पण ताळा कुठे?

गेल्या महिन्यात पुण्यात ओपन सोर्सवाल्यांच्या, म्हणजे आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्यांच्या, एका छोट्या बैठकीला गेलो होतो. विषय साधा होता: प्रकल्पाचं रिलीज, म्हणजे लोकांना वापरायला दिली जाणारी आवृत्ती, माणसाने काढावं की पाइपलाइनने, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांनी? दोन तास, चहाच्या दोन फेऱ्या, आणि शेवटी जे जिथे होते ते तिथेच. एका बाजूचं म्हणणं, रिलीजला माणसाचा हात लागताच कामा नये. टॅग टाकला, म्हणजे कोडवर आवृत्तीचं नाव चिकटवलं, की बाकी सगळं यंत्राने करावं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घरच्या सगळ्या किल्ल्या परक्याच्या सर्व्हरच्या गळ्यात अडकवून निवांत झोपायला जाणं म्हणजे वेडेपणा. दोघांकडेही गेल्या पाच-सहा वर्षांतली भयंकर उदाहरणं होती, आणि दोघांचीही उदाहरणं खरी होती. तरीही वाद मला फोल वाटला. पोळ्या हाताने लाटाव्यात की यंत्रावर, यावर हमरीतुमरी चालली होती आणि पीठ कुणाच्या गिरणीतून आलं हे कुणी विचारतच नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रिलीज हाताने निघालं की यंत्राने, हा दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: प्रकल्पाशी काही देणंघेणं नसलेल्या तिसऱ्या माणसाला आपल्या घरी, आपल्या संगणकावर तेच रिलीज मूळ कोडपासून पुन्हा बांधून ताळा करता येतो का? शाळेत भागाकार झाला की बाई म्हणायच्या, आता गुणून ताळा करून बघ. उत्तर हुशार मुलाने काढलंय की कॅल्क्युलेटरने, याच्याशी ताळ्याला कर्तव्य नसतं. मी स्वयंचलित बिल्डच्या, म्हणजे यंत्राने केलेल्या बांधणीच्या, बाजूचा आहे, पण त्याचं कारण त्या बैठकीतल्या कुठल्याच बाजूने मांडलं नाही.

ज्या घटनेवरून हा वाद नव्याने पेटला, ती नीट आठवू या, कारण तिचा दाखला देणारे निम्मे लोक ती अर्धवट सांगतात. २९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता. तो डेबियन या लिनक्स वितरणाच्या, म्हणजे लिनक्स आणि सोबतच्या प्रोग्रामांच्या तयार संचाच्या, अस्थिर आवृत्तीवर वेगाची मोजमापं करत होता. त्याच्या नजरेत आलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या साधनाने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, आणि चुकीच्या नावाने आलेले, लगेच हाकलले जाणारे लॉगिनसुद्धा प्रोसेसर खाताहेत. दुसरा कुणी असता तर ‘नेट स्लो असेल’ म्हणून पुढे गेला असता. हा खोदत गेला आणि पोचला एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका जुन्या, कंटाळवाण्या लायब्ररीपाशी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. ज्याच्याकडे एक ठरावीक खासगी किल्ली आहे, त्याला सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता आला असता. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. मोठ्या वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तो उतरायच्या आत पकडला गेला, हे आपलं नशीब. नशीब म्हणजे एका माणसाचा चिकट स्वभाव.

हा दरवाजा बसवला कसा, हे बघण्यासारखं आहे. विषाचा साठा चाचणीच्या दोन फाइलींत दडवलेला होता. त्या फाइली रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या खुल्या दप्तरात, उघड पडल्या होत्या, पण बायनरी, म्हणजे माणसाला वाचता न येणाऱ्या, असल्यामुळे त्या कोण वाचणार? मात्र तो साठा उघडून बिल्डमध्ये मिसळण्याची पहिली ठिणगी होती बिल्ड-टू-होस्ट नावाच्या एका एम-फोर फाइलीत, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलीत, आणि दरवाजा उघडणारी ती बदललेली फाइल रेपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांनी उतरवून घ्यायच्या गठ्ठ्यात, होती. गिटवरून, म्हणजे थेट रेपॉझिटरीतून, कोड घेऊन बांधणाऱ्याला काहीच झालं नसतं. अधिकृत, सही केलेला टारबॉल उतरवून घेणारा मात्र सापडला असता. म्हणजे जो नियमाने वागला तोच गोत्यात.

हे खपलं कसं? कारण टारबॉल आणि रेपॉझिटरी जुळत नाहीत, याची आपल्याला कित्येक वर्षांची सवय आहे. जुन्या ऑटोटूल्स पद्धतीत मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, आपल्या मशीनवर कॉन्फिगर स्क्रिप्ट, म्हणजे बांधणीची तयारी करणारी फाइल, तयार करतो आणि ती टारबॉलमध्ये घालून देतो, म्हणजे वापरणाऱ्याला ती साधनं बसवावी लागू नयेत. हेतू चांगला, सोय खरी. पण त्यामुळे टारबॉलमध्ये हजारो ओळींचा असा मजकूर येतो जो रेपॉझिटरीत नसतो आणि जो कुणी वाचत नाही. त्यात चार ओळी जास्त असल्या तर कुणाला कळणार?

शिवकाळातल्या कारकुनांना हा धोका नेमका ठाऊक होता. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, ती पत्र कुणाचं हे सांगे. पण मजकूर जिथे संपला तिथे आणखी एक छोटा शिक्का उमटवत: ‘मर्यादेयं विराजते’. इथे हद्द झाली. याच्यानंतर कुणी ओळ घुसडली तर ती पत्राची नव्हे. आपण आजही ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो तेव्हा हे दोन वेगळे शिक्के होते हे विसरतो. एक्सझेडच्या टारबॉलवर माथ्याची मुद्रा अस्सल होती. जिया तान या नावाने वावरणाऱ्या मेंटेनरने आपल्याच किल्लीने सही केली होती आणि सही तपासली असती तर ती खरीच निघाली असती. नव्हती ती मर्यादा. मजकूर कुठे संपतो आणि घुसडलेलं कुठे सुरू होतं, हे सांगणारं त्या सहीत काहीच नव्हतं.

मीही हेच पाप केलंय, अजाणता. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं साधन मी काही वर्षं सांभाळतोय. एकदा रात्री साडेअकराला, जांभया देत, लॅपटॉपवरून झिप बांधली, चढवली आणि झोपलो. आठवड्याने नांदेडच्या एका शिक्षकांचं पत्र आलं: ‘सर, तुमच्या रिलीजमध्ये ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य फुटतो. कोड बघितला तर त्यात बरोबर आहे.’ मी दोन दिवस तोंड वर करून सांगत राहिलो की तुमच्या फाँटचा घोळ असेल. घोळ माझा होता. तक्त्यातल्या एका ओळीशी मी लॅपटॉपवर खेळत होतो, तो बदल कमिट न करता, म्हणजे रेपॉझिटरीत न नोंदवता, तसाच राहिला होता आणि झिपमध्ये गेला. दुष्ट हेतू वजा केला तर एक्सझेडमध्ये आणि माझ्या झिपमध्ये यांत्रिक फरक काय? रेपॉझिटरी एक सांगत होती, रिलीज दुसरंच देत होतं, आणि दोन्हीवर नाव माझंच.

यंत्रवाले म्हणतील, झालं तर मग! माणूस दमतो, विसरतो, विकलाही जातो. त्याला बाजूला करा. यात मोठं तथ्य आहे, आणि ते एक्सझेडच्या कितीतरी आधी ओळखलं गेलं होतं. जुलै २०१९मध्ये ‘बस्टर’ आवृत्ती बाहेर पडल्यावर डेबियनच्या रिलीज टीमने जाहीर केलं की यापुढे मेंटेनरने आपल्या संगणकावर बांधलेली बायनरी, म्हणजे चालवायला तयार प्रोग्राम, पुढच्या आवृत्तीत जाणार नाही. सोर्स, म्हणजे मूळ कोड, द्या; बांधणी आमच्या बिल्ड मशीनवर होईल. कुणावर अविश्वास दाखवायचा म्हणून हे केलं नव्हतं. हजारो पॅकेजं शेकडो लोकांच्या लॅपटॉपांवर बांधली जातात, तेव्हा कुठल्या लॅपटॉपवर काय होतं हे सांगणं कुणाच्याच बसचं नसतं.

पण आता दुसरी बाजू ऐका, आणि तीही तितक्याच कान देऊन. २०२०च्या डिसेंबरात सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. तिथे कुणाचा लॅपटॉप नव्हता, बिल्ड सर्व्हरच होता. त्यावर बसलेला घातकी प्रोग्राम ओरायन या तिच्या सॉफ्टवेअरचं बिल्ड सुरू होण्याची वाट बघायचा, सुरू झालं की सोर्सची एक फाइल बदलायचा आणि काम झालं की मूळ फाइल जागेवर ठेवून द्यायचा. रेपॉझिटरी स्वच्छ, कंपनीची डिजिटल सही अस्सल, आणि विषारी अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत. ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स नव्हतं म्हणून हात झटकता येणार नाहीत. डिसेंबर २०२४मध्ये अल्ट्रालिटिक्स या पायथन पॅकेजचं बघा. हल्लेखोराने पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये बदल घेण्याची विनंती, पाठवली आणि तिच्या ब्रँचच्या (कोडच्या फांदीच्या) नावातच शेलची आज्ञा, म्हणजे संगणकाने चालवायचा हुकूम, लिहिली. पाइपलाइनने ते नाव निमूटपणे चालवलं. ब्रँचचं नाव! दाराची पाटी वाचायला सांगितलेल्या रखवालदाराने पाटीवर ‘कुलूप काढ’ लिहिलंय म्हणून कुलूप काढावं, तसं. तिथून बिल्डची कॅश (पुन्हा वापरायला साठवलेल्या फाइली) नासवली गेली आणि ८.३.४१ व ८.३.४२ या आवृत्त्या क्रिप्टो खणणारा प्रोग्राम पोटात घेऊन बाहेर पडल्या. माणसाचा हात कुठेच लागला नव्हता. मार्च २०२५मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सची पाळी आली. तेवीस हजारांवर रेपॉझिटऱ्या वापरत असलेल्या, पाइपलाइनीतल्या एका तयार पायरीचे जुने टॅग हल्लेखोराने घातकी कमिटकडे वळवले, आणि ज्यांच्या पाइपलाइनी चालल्या त्यांची गुपितं त्यांच्याच लॉगमध्ये छापली जाऊ लागली. टॅग म्हणजे कायमचा पत्ता, असं लोक समजत होते. तो नुसता खिळ्याला अडकवलेला फलक निघाला.

तेव्हा हातवाल्यांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: पाइपलाइन हीही एक वस्तीच आहे. तिला खिडक्या आहेत, ये-जा आहे, भाडेकरू आहेत. शिवाय ती बहुधा फुकटात, कुण्या कंपनीच्या मर्जीवर मिळालेली असते. ट्रॅव्हिस सीआय या पाइपलाइन सेवेवर वर्षानुवर्षं विसंबलेल्या प्रकल्पांना २०२०च्या अखेरीस दरपत्रक बदललं तेव्हा बोचकं बांधून निघावं लागलं, हे फार जुनं नाही.

मग? दोन्ही बाजू बरोबर असतील तर प्रश्नच चुकीचा विचारला जातोय, अशी शंका यायला हवी. अल्ट्रालिटिक्सशेजारी कर्ल ठेवून बघा. जगातल्या बहुतेक फोनांत, गाड्यांत, टीव्हींत असलेलं, इंटरनेटवरून माहिती आणणारं-पाठवणारं हे साधन. त्याची रिलीजं डॅनियल स्टेनबर्ग हा एक माणूस काढतो, स्वतः सही करतो. यंत्रवाल्यांच्या फूटपट्टीने हे अगदी मागासलेलं. पण एक्सझेडनंतर त्याने अशी व्यवस्था केली की कर्लचा रिलीज टारबॉल कुणीही रेपॉझिटरीतून स्वतः बांधावा आणि तो बाइट-न्-बाइट जुळतो का ते पाहावं. तशी स्क्रिप्टच प्रकल्पात ठेवलीय. म्हणजे एकीकडे हाताने काढलेलं पण ताळा करता येणारं रिलीज, आणि दुसरीकडे पूर्ण स्वयंचलित, उगमाचा (कुठे, कशातून बांधलं त्याचा) डिजिटल दाखला जोडलेलं, तरी नासलेलं रिलीज. हात की यंत्र या रेघेवर ही दोन्ही उदाहरणं उलटीच पडतात. ताळ्याच्या रेघेवर ती सरळ बसतात.

उगमाचा दाखला निरुपयोगी असतो, असं मात्र मी म्हणत नाही. त्याच अल्ट्रालिटिक्सवर दोनच दिवसांनी दुसरी लाट आली, आणि नोंदींवरून लगेच कळलं की या वेळची पॅकेजं पाइपलाइनमधून आलेलीच नाहीत. कुठेतरी पडून राहिलेलं जुनं एपीआय टोकन, म्हणजे पॅकेज चढवायची किल्ली, वापरून थेट चढवलेली आहेत. रोजनामा असला की चोरी कुठल्या दाराने झाली ते समजतं. पण रोजनामा म्हणजे ताळा नव्हे. पाइपलाइनने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं की हे पॅकेज मीच बांधलं. ते खरंच होतं!

इथे एक जुनी भीती डोकं वर काढते. युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनने संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराचं आपलं भाषण १९८४मध्ये छापलं, त्यात दाखवलं होतं की कम्पायलरच, म्हणजे सोर्सची बायनरी करणारं साधनच, फितूर असेल तर लॉगिनमध्ये चोरदरवाजा बसवता येतो, आणि कम्पायलरच्या सोर्समध्ये त्याचा मागमूसही उरत नाही, कारण फितुरी बायनरीतून बायनरीत वारसाहक्काने उतरते. तेव्हापासून कुणी जरा सुरक्षेचं बोललं की कुणीतरी हे भाषण काढतोच, जणू पुढे बोलायलाच नको. पण त्याला उत्तर मिळालेलं आहे. डेव्हिड व्हीलरने दाखवलं की दुसऱ्या, वेगळ्या घराण्यातल्या कम्पायलरने तोच सोर्स बांधून, त्या बायनरीने पुन्हा तो बांधून निकाल ताडून बघितला तर फितुरी उघडी पडते. एकही कम्पायलर पवित्र असावा लागत नाही. दोघांनी एकच कारस्थान केलेलं नसावं, एवढंच पुरतं. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवं नाही. एखादं पत्र अस्सल की बनावट, हे त्या पत्राला विचारून ठरत नाही. तिथी जंत्रीशी जुळते का, दुसऱ्या दप्तरातली नोंद काय म्हणते, यावर ठरतं.

सॉफ्टवेअरमध्ये हा ताळा जमवणं ऐकायला सोपं आणि करायला किचकट. डेबियनची मंडळी २०१३पासून या कामाला भिडली आहेत. एकच सोर्स दोनदा बांधला तर निकाल वेगळा का येतो? कारण बिल्ड आपल्या आसपासचं काहीबाही टिपून घेतं: वेळ, फोल्डरचं नाव, फाइली कुठल्या क्रमाने दिसल्या तो क्रम. ऱ्य-प्रकरणानंतर मी शहाणा झालो म्हणून माझी बिल्ड स्क्रिप्ट टोरांटोतल्या मावसभावाला पाठवली. त्याच्याकडची झिप माझ्याशी जुळेना. आतली प्रत्येक फाइल सारखी, झिप मात्र वेगळी. संध्याकाळभर डोकं खाजवल्यावर उमगलं की झिपमध्ये फाइलीची वेळ स्थानिक घड्याळाने लिहिली जाते आणि सोबत टाइमझोन लिहीत नाहीत. त्याच्या साडेनऊ-साडेदहा तास मागच्या घड्याळाने वेगळे आकडे भरले होते. मग टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, केला, तारीख शेवटच्या कमिटची धरली, फाइलींची नावं क्रमाने लावली. आणि पडद्यावर दोघांकडे झिपच्या हॅशची, म्हणजे तिच्या मजकुरातून काढलेल्या ठशाची, तीच चौसष्ट अक्षरं उमटली. इतक्या क्षुल्लक गोष्टीचा इतका आनंद मला क्वचितच झालाय.

आणि इथेच मी यंत्राच्या बाजूला का, ते सांगता येतं. बिल्ड यंत्राकडे सोपवायचं तर कृती लिहून काढावी लागते. माझ्या डोक्यात, माझ्या हातांच्या सवयीत, माझ्या लॅपटॉपच्या कानाकोपऱ्यात जे दडलंय ते सगळं कागदावर येतं. आजीच्या हातची पुरणपोळी लिहून घ्यायला बसलं की कळतं, ‘अंदाजाने’ या शब्दात किती काय होतं. एकदा कृती लिहिली की ती दुसराही चालवू शकतो. यंत्र विश्वासू असतं म्हणून ते हवं, हा गैरसमज. ते आपल्याला लिहायला भाग पाडतं म्हणून हवं.

आता सगळ्यात टोकदार आक्षेप. एक्सझेडमध्ये मेंटेनरच चोर होता. ताळ्याची सक्ती असती तर त्याने ती एम-फोर फाइल सरळ रेपॉझिटरीत टाकली असती. ताळा जुळला असता आणि दरवाजाही बसला असता. हे खरं आहे. पण मग त्याने ती रेपॉझिटरीत का टाकली नाही? दोन वर्षं धीराने विश्वास कमावणारा माणूस आळसाने वाट निवडत नाही. रेपॉझिटरीतला प्रत्येक बदल तारखेनिशी, नावानिशी राहतो, आणि कुणा रिकामटेकड्याच्या नजरेस पडू शकतो. टारबॉलमध्ये कुणी डोकावत नाही. त्याने जोखमीचा हिशेब मांडला आणि ठिणगी अंधारात ठेवली. ताळ्याने तो अंधार तरी गेला असता. चोराला दिवसाढवळ्या यावं लागलं असतं. तरीही तो आला असता, कदाचित यशस्वीही झाला असता. कुलपाने चोऱ्या संपत नाहीत म्हणून आपण दार उघडं टाकतो का?

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: हे सगळं करायचं कुणी? एक्सझेड वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा एकटा माणूस सांभाळत होता. २०२२मध्ये काही अनोळखी नावं उगवली आणि त्याच्यामागे लागली: पॅच (लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) पडून आहेत, रिलीज येत नाही, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असं त्याने सांगून पाहिलं. दबाव हटला नाही, हळूहळू जिया तान आत आला, आणि ती नावं पुन्हा कधी दिसली नाहीत. रिलीज स्वयंचलित केली की भरभर निघतात, हा जो फायदा उठताबसता सांगितला जातो, त्याने म्हणूनच माझ्या अंगावर काटा येतो. एक्सझेडमध्ये शत्रू शिरला तो ‘लवकर करा’च्याच दारातून. कधी काढायचं, काढायचं की नाही, हे माणसाकडेच राहिलं पाहिजे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, चाचण्या असंख्य यंत्रांवर चालतात, पण दोन आठवडे बदल घेऊन, मग आठवड्याला एक आरसी, म्हणजे चाचणीसाठीची उमेदवार आवृत्ती, काढत, नऊ-दहा आठवड्यांनी टॅग टाकायचा की आणखी एक आठवडा थांबायचं, हे लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स ठरवतो. तिथे घाई करणाऱ्याला पुढच्या फेरीची वाट बघायला लावतात, आणि जग बुडत नाही.

तर बिनपगारी मेंटेनरवर आणखी एक फॉर्म, आणखी एक पातळी, आणखी एक बिल्ला लादायला माझा विरोध आहे. कृती त्याने लिहावी, ती एकदाच लिहायची असते. ताळा इतरांनी करावा. ज्या कंपन्या हे कोड फुकट उचलून आपल्या उत्पादनात घालतात, त्यांच्याकडे रिकामे सर्व्हर आणि पगारी माणसं दोन्ही आहेत; प्रत्येक रिलीज आपल्याकडे बांधून जुळतं का बघणं त्यांना रोजच्या विजेच्या बिलाइतकंही पडणार नाही. सध्या त्या बहुतेककरून मेंटेनरलाच प्रश्नावली पाठवतात.

माझ्या साधनाचं सांगायचं तर नवी आवृत्ती काढली तेव्हा नांदेडच्या त्या शिक्षकांनाच ताळा करायची विनंती केली. दुसऱ्या दिवशी निरोप: ‘जुळत नाही.’ पोटात गोळा आला. त्यांचा संगणक विंडोजचा, आणि तिथल्या गिटने उतरवताना प्रत्येक ओळीचा शेवट विंडोजच्या पद्धतीने बदलून टाकला होता. माझ्या लेखी कृतीत त्याबद्दल अक्षर नव्हतं. मी आणि मावसभाऊ दोघेही लिनक्सवाले, आम्हाला ते कधी दिसलंच नसतं. एका ओळीची सूचना रेपॉझिटरीत घातली, त्यांनी पुन्हा बांधून पाहिलं, आणि जुळलं. खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘‘तऱ्हा’मधला ऱ्ह अजून फुटतोय, सर. या वेळी कोडमध्येही फुटलाय.’